मुका मार

११ डिसेंबर १९३५, अमरावती

डॉक्टर खुशालरावांनी वाचायची मनाई केली आहे. लिहायची केली आहे का, ते मी मुद्दामच विचारलं नाही. चारुशीला देवळात गेली आहे, पार्बताबाई मागच्या अंगणात भांडी घासते आहे. तेवढ्यात खिडकीची फळी बोटभर उघडून लिहायला बसलो.

अपघात मला आठवत नाही. लोक सांगतात ते असं. शाळा सुटल्यावर मी बडनेऱ्याच्या रस्त्यानं सायकलवरून घरी येत होतो. कापसाच्या बैलबंड्यांची रांग सरकी काढायच्या जिनाकडे चालली होती आणि धुळीनं पुढचं दिसत नव्हतं. एका बंडीला वळसा घालून मी बाहेर निघालो, तोच समोरून नागपुरी गेटजवळचा शिंपी अब्दुल रहीम हँडलला कापडाचं गाठोडं लटकवून आला. दोघांनीही घंटी वाजवली म्हणे, आणि बंड्यांच्या खडखडाटात दोघांनाही ऐकू आली नाही. त्याचा उजवा हात मनगटात मोडला. माझं डोकं बंडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर आपटलं. त्याच बंडीत, कापसावर निजवून मला घरी आणलं.

रक्ताचा थेंब नाही. खुशालरावांनी डोळ्यांवर बत्ती धरली, कवटी चाचपली आणि म्हणाले, "हाड शाबूत आहे कमलाकांतराव. मुका मार आहे. अंधारात पडून राहा."

शुद्धीवर आल्यावर मी "सायकल कुठं आहे?" एवढंच पुन्हापुन्हा विचारत होतो, असं तारा सांगते. लेक नऊ वर्षांची आहे, पण माझी नक्कल अशी करते की हसू आवरत नाही. तिला जवळ घेऊन सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवला. एकदाही अडलो नाही. गणिताच्या मास्तरला आणखी कसली परीक्षा द्यायची असते? मी बरा आहे.

२१ डिसेंबर

चारुशीलेच्या हाताची चव गेली. आमटीत मीठ आहे, आंबट आहे, तिखट आहे, पण आमटी नाही. नुसतं ऊन पाणी. आज ताट सरकवलं आणि म्हणालो, "फोडणी करायचं विसरलीस की कंटाळा केलास?" तिनं वाटीतलं बोटावर घेऊन चाखलं, माझ्याकडे पाहिलं, मग ताराला विचारलं, "कशी लागते गं?" तारा म्हणाली, "छान लागते." पोरीची आईपुढं खरं बोलायची छाती नाही.

मी वाटी भिंतीवर फेकली. लग्नाला बारा वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. पण असं जेवणही कधी मिळालं नव्हतं.

६ जानेवारी १९३६

शाळेत रुजू झालो. मुलांनी हार आणला होता. नववीच्या वर्गात वर्तुळावरचा सिद्धान्त घेतला. हा सिद्धान्त मी झोपेतही शिकवीन. आकृती काढली, केंद्र जोडलं आणि हातात खडू धरून उभा राहिलो. पुढची पायरी कुठं गेली कळेना. पाठीमागे कोणीतरी बाक सरकवला. तो आवाज कानात न शिरता थेट कपाळात शिरला. वळून पाहिलं तर सगळी तोंडं सारखीच. जवळच्या मुलाच्या थोबाडीत दिली.

तो शांत मुलगा आहे, बाक त्यानं सरकवला नव्हता, असं हेडमास्तर नंतर म्हणाले. चार आठवडे मी नव्हतो, तेवढ्यात शाळेची शिस्त पार गेली आहे, असं मी त्यांना सांगितलं.

१५ जानेवारी

काल संक्रांत. दुपारी अब्दुल रहीम आला. मी त्याला प्रथमच नीट पाहिलं. चाळिशीचा, किडकिडीत, दाढी मेंदीनं रंगवलेली. हाडवैद्यानं हात बांधला होता, आता सोडला आहे. पण मनगट एका अंगाला वळूनच राहिलं. तिळगूळ त्यानं डाव्या हातानं घेतला.

"अंगठा पुरा मिटतच नाई मास्तर. कात्री धरू कशी? बायको नसीमबानो कापते आता कपडा, म्या नुसतं बसून सांगतो. लोक म्हणतात, बाईच्या हातचा कोट आमाले नाई पायजे."

"काही शेक वगैरे?"

"डागदर म्हणते, कोमट पान्यात हात बुडवून बोटं हालवत जा. हालवून राह्यलो. काय होते?" मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "तुमी तं साबूत सुटले. अल्लाची मेहेर."

त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता, पण आनंदही नव्हता. मला बिचाऱ्याची दया आली. तो गेल्यावर चारुशीलेला म्हणालो, "थोडक्यात वाचलो बघ मी." ती तिळगुळाचं ताट उचलून आत गेली.

२२ जानेवारी

विलायतेत बादशहा वारले, शाळेला सुटी. बरंच झालं. दिवसभर उजेड सहन होत नव्हता. डोक्यावर ओलं फडकं घालून पडलो होतो. बाहेर तारा आणि शेजारची रमा सागरगोटे खेळत होत्या. एकेक गोटा माझ्या डोक्यात पडत होता. ओरडलो असेन. रमा उठून घरी गेली, ती पुन्हा आली नाही.

१२ फेब्रुवारी

वर्गात मला झोप लागली. लाज वाटते लिहायला. फळ्याशी उभा होतो एवढं आठवतं, मग एकदम शिक्षकांच्या खोलीत जमिनीवर. जीभ एका बाजूला चावली गेली आहे, बोलताना दुखते. धोतर ओलं होतं. तोंडावर पाणी मारलं असणार. शिपाई माझ्याकडे पाहीना. हेडमास्तर फार मऊ आवाजात म्हणाले, "कमलाकांतराव, उन्हाळा संपेपर्यंत घरीच विश्रांती घ्या." एका झोपेपायी एवढं? ते त्यांच्या भाच्यासाठी जागा करताहेत, हे मी ओळखलं आहे.

टांग्यातून घरी आणलं. चारुशीला शिपायाशी दारातच बराच वेळ हळू बोलत होती. संध्याकाळी खुशालराव आले आणि डोकेदुखीवर एक खारट औषध सुरू करून गेले.

४ मार्च

माझ्या घरात मला चोरासारखं वागवतात. विहिरीवर एकट्यानं जायचं नाही. ओट्याच्या कडेला बसायचं नाही. सायकल तर चारुशीलेनं मला न विचारता तिच्या भावाकडे, अकोल्याला रविकांतकडे पाठवून दिली. का, तर म्हणे इथं गंजेल.

आज ती बाजारात गेली होती. चहाची तल्लफ आली म्हणून स्टोव्ह पेटवायला बसलो. काडी ओढली, तोच पार्बताबाई धावत आली आणि माझ्या मनगटावर फटका मारून काडी पाडली.

"काय करून राह्यले मास्तर! समदं घासलेट सांडलं तुमच्या पायाशी. वास नाई येत का तुमाले?"

मोलकरणीनं मालकाच्या हातावर मारावं! चारुशीला आल्यावर मी सांगितलं, हिला आजच्या आज काढून टाक. ती उलट पार्बताबाईचे पाय धरायला निघाली. दोघींचं काहीतरी संगनमत आहे.

आणि ते औषध. ते घेतलं की दिवसभर डोळ्यांवर झापड असते. मी या लोकांना असा गुंगीत हवा आहे काय? आजपासून चूळ भरायला मोरीवर जातो तेव्हा तिथंच ओतून टाकतो. डोकं लगेच स्वच्छ झाल्यासारखं वाटतं.

२९ मार्च

तारा ओट्याच्या पायरीवरून पडली. डावा हात कोपराच्या वर मोडला.

मी तिला त्रैराशिक शिकवत होतो. पाच मजूर एक भिंत आठ दिवसांत बांधतात. पोरगी हुशार आहे, पण आज मुद्दाम चुकत होती. मी अगदी शांतपणे पुन्हा समजावलं. नंतर मध्येच केव्हातरी मला डुलकी लागली असावी, कारण पुढचं आठवतं ते असं: मी अंगणात पडलेला, तोंडात माती, पार्बताबाई किंचाळते आहे आणि चारुशीला ताराला पोटाशी धरून बसली आहे.

"काय झालं?" मी विचारलं.

चारुशीलेनं माझ्याकडे न पाहता सांगितलं, "पायरीवरून घसरली."

पायरीवर शेवाळ आहे, किती दिवस सांगतो आहे घासून घ्या म्हणून. माझ्या लाडक्या लेकीचा हात मोडला आणि मी डुलक्या घेत होतो. रात्री तिच्या उशाशी बसायला गेलो तर चारुशीला म्हणाली, "आत्ताच झोपली आहे." तारा झोपली नव्हती. डोळे घट्ट मिटले की पापण्या हलतात.

३ एप्रिल

रविकांत येऊन दोघींना अकोल्याला घेऊन गेला. तिथं हाड बसवणारा चांगला माणूस आहे म्हणतात. मीही येतो म्हटलं. रविकांत वकील आहे, तरी यावर नुसता चष्मा पुसत राहिला.

टांगा निघाला तेव्हा ताराला हाक मारली. तिनं आईच्या पदराआडून हात हलवला.

१४ एप्रिल

घर भयाण आहे. पार्बताबाई सकाळी भाकऱ्या करून जाते, संध्याकाळी चुलीतले निखारे विझवून जाते, आणि मध्ये तिची सून येऊन डोकावते. ऊन भाजून काढतं.

अब्दुल रहीमच्या दुकानात जाऊन बसतो. तो मला जा म्हणत नाही, ये म्हणत नाही. आत पडद्यामागे नसीमबानोची मशीन चालते. ती मशीन मला कशी सहन होते कोण जाणे. बहुतेक एकसारखी चालते म्हणून. अब्दुल रहीम तांब्यातल्या कोमट पाण्यात हात बुडवून बसलेला असतो.

आज तो म्हणाला, "बायको-पोरगी कवा येनार?"

"हाड जुळलं की."

"पोरगी पडली कशी?"

"पायरीवरून."

तो पाण्यात बोटं हलवत राहिला. मग म्हणाला, "पार्बताबाईचा लेक आमच्या मोहल्ल्यात हमाली करते मास्तर." त्याचा इथं काय संबंध, मला कळलं नाही.

२६ एप्रिल, अकोला

कोणाला न कळवता गाडीनं आलो. बडनेऱ्याला गाडी बदलताना फलाटावर चक्कर आली, पण बाकावर बसून राहिलो तशी गेली. ताजनापेठेत रविकांतच्या घरी पोचलो तेव्हा जेवणं झाली होती. त्यानं स्वतः दार उघडलं आणि दारातच उभा राहिला.

"भाऊजी, कळवायचं तरी."

"माझ्या मुलीला भेटायला कळवावं लागतं?"

"तसं नाही. या."

तारा माजघरात चटईवर बसली होती. हाताला बांबूच्या खपच्या बांधलेल्या. मी शेजारी बसलो. तिनं पाय आखडून घेतले. केसांत कापसाचा पुंजका अडकला होता, तो काढावा म्हणून मी हात उचलला. तिनं चांगला हात डोक्यावर धरला आणि मान खांद्यात घातली. कुत्र्याचं पिल्लू घालतं तशी.

मी हात तिथंच ठेवला. खालीही आणवेना.

"तारा, पायरीवरून कशी पडलीस गं?"

तिनं आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी पायरीवरून घसरले. पायरीवर शेवाळ होतं. बाबा तिथं नव्हते."

मी दहा वर्षं मास्तरकी केली आहे. पाठ केलेलं उत्तर कसं येतं ते मला कळतं. मूल विचार करत नाही, श्वासही मध्ये घेत नाही. आणि मी तिथं होतो. होतो ना?

चारुशीलेला ओसरीवर बोलावलं. रविकांत मागोमाग आला. तिनं त्याला हातानं थांबवलं.

"खरं सांग," मी म्हणालो.

ती खांबाला टेकून उभी राहिली. किती वाळली आहे ते मला तेव्हा दिसलं.

"ती एकाच गणितात दोनदा चुकली," ती म्हणाली. "तुम्ही तिचा दंड धरलात आणि ओट्यावरून खाली फेकलंत."

"मी?"

"तुम्ही."

"मला आठवत नाही."

"ते मला माहीत आहे. म्हणूनच सांगितलं नाही. आठवत असतं तर त्याच दिवशी घर सोडलं असतं मी, आणि परत तोंड पाहिलं नसतं तुमचं." मग हळू म्हणाली, "आता कशाचा राग धरू? तुम्ही तिथं नव्हताच."

२७ एप्रिल, अकोला

खोटं आहे. भावानं शिकवलेलं आहे. पहिल्या गाडीनं परत निघतो आहे. ताराचा निरोप घेतला नाही.

३० एप्रिल, अमरावती

पार्बताबाईला समोर बसवलं. म्हणालो, "तारा कशी पडली?"

"मले काहून इच्यारता मास्तर?"

"तू होतीस म्हणून."

तिनं पदर तोंडावर धरला. "पडली नाई पोरगी. तुमी फेकली तिले. म्या माह्या डोयानं पाह्यलं. मंग तुमीबी तिथंच पडले, हातपाय झाडत. तोंडाले फेस. बाई म्हने, पार्बते, यांचं डोकं धर. म्या पोरीकडे पाहू का तुमच्याकडे पाहू?"

"आणि वर्गात? मला झोप लागली होती तेव्हा?"

"थे झोप नव्हती मास्तर. मिरगी हाय. आपल्या समद्या राजापेठेले माईत हाय."

म्हणजे फक्त मलाच माहीत नव्हतं.

२ मे

दुपारी वडाळीच्या तळ्याकडे गेलो होतो. परत आलो.

पार्बताबाई दारात बसली होती. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं पाहिलं तिनं. गरम पाणी काढलं, आणि आजपासून रात्री ओसरीवर झोपणार म्हणाली.

९ मे

स्वतःच्या पायांनी खुशालरावांकडे गेलो. सगळं सांगितलं, औषध मोरीत ओतत होतो तेही. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त "हं" म्हटलं.

"डोळे मिटा. नाकाशी काय धरलं आहे?"

"काही नाही."

"आता?"

"काही नाही."

डोळे उघडायला लावले. एका हातात हिंगाचा खडा होता, दुसऱ्यात कापूर.

"डोकं आपटलं तेव्हाच वास गेला असणार," ते म्हणाले. "इतक्या महिन्यांत आला नाही, आता येईल असं मी सांगणार नाही."

मी किती महिने आमटीवरून घर डोक्यावर घेतलं होतं! ती फोडणी करत होती, रोज करत होती, आणि मी समोर बसून ऊन पाणी ऊन पाणी म्हणत होतो.

"राग? तोही तिथूनच?"

"मेंदूला मार बसला की माणूस पूर्वीचा राहील याची खात्री देता येत नाही. कोणाचा स्वभाव बदलतो, कोणाला झटके येतात, कोणाला दोन्ही. तुमच्या बाईंना मी जानेवारीतच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, यांना सांगू नका, नोकरी गेली तर हे जगणार नाहीत."

"बरं होईल का?"

खुशालराव दौतीचं झाकण लावत-उघडत राहिले. "हाड मोडलं असतं तर मी सांगितलं असतं, अमुक आठवड्यांत जुळेल. हे तसलं नव्हे. हे सांभाळायचं. औषध एकही वेळ चुकवायचं नाही. जागरण नाही, ऊन नाही, उपास नाही. आग, पाणी, उंची यांच्याजवळ एकट्यानं नाही. आणि डोकं गच्च व्हायला लागलं की माणसांतून उठून जायचं."

"ते व्हायला लागलं हे मला कळत नाही."

"तुम्हाला नाही कळणार," ते म्हणाले. "दुसऱ्याला कळेल. त्याचं ऐकायचं."

१० मे

अकोल्याला पत्र टाकलं. चारुशीला, मी औषध घेतो आहे. तू सांगशील ते ऐकेन. तुला वाटेल तेव्हा ये, नाही वाटलं तर येऊ नकोस. याहून जास्त लिहिता आलं नाही.

२ जून

उत्तर नाही. ऊन कमी होत नाही. औषधानं बोलताना शब्द जड येतात, पायही जड. शाळेनं माझ्या जागी कायमचा माणूस घेतला. हेडमास्तरांचा भाचा नव्हे, कोणी यवतमाळचा.

अब्दुल रहीमला मिरगीचं सांगितलं. तो म्हणाला, "माईत होतं."

"मग मला साबूत का म्हणालास?"

"जानेवारीत कुठी माईत होतं? तवा वाटलं, याचं काहीच नाई गेलं, माहा हात गेला." त्यानं वाकडं मनगट पाहिलं. "मनात म्हनलं होतं, याचंबी काई जावो. आता तुमच्याकडे पाहिलं का मले बेकार वाटते."

मला त्याचा राग आला नाही. औषधामुळे असेल.

२८ जून

दोघी आल्या. रविकांत सोडायला आला होता. त्यानं सामान आत ठेवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊजी, एक हात जुळला आहे. दुसऱ्यांदा मी विचारणार नाही, दोघींना घेऊन जाईन." मी मान हलवली. त्याच्या जागी मी असतो तर आलो नसतो, तिला येऊ दिलं नसतं.

ताराचा हात जुळला आहे, पण पुरता सरळ होत नाही. परकराची नाडी बांधताना कोपर बाहेर राहतं. चारुशीला रोज तेल लावून तो हळूहळू ताणते. ते मी करू का, असं विचारायचं मनात आलं होतं. विचारलं नाही.

रात्रीचं अंथरूण मागच्या खोलीत, मला एकट्याला. त्या खोलीला खिडकी लहान आहे, उजेड कमी. चारुशीलेनं तिथली कडी आतून काढून बाहेरून लावली आहे. झटका आला तर दार आतून बंद असू नये, असं ती म्हणाली. बाहेरून कशाला, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

१९ ऑगस्ट

चारुशीलेला मुलींच्या शाळेत काम मिळालं, सकाळच्या वेळेत. मराठी सातवीची फायनल पास झाली होती, पण इतकी वर्षं कोणाला आठवण नव्हती. मलाही नव्हती. ती शाळेतून येईपर्यंत पार्बताबाई घरी थांबते. मी ज्वारी निवडतो, कपड्यांच्या घड्या घालतो. शेजारचे येताजाता ओसरीकडे पाहतात. पाहू देत.

मागच्या महिन्यात दोन झटके आले असं चारुशीलेनं सांगितलं. या महिन्यात एकच. त्यानंतर दिवसभर नावं आठवत नाहीत. एका सकाळी मी ताराकडे पाहत होतो, आणि ही माझी मुलगी आहे हे ठाऊक होतं, पण नाव येईना. नाव येईपर्यंत तिला हाक मारायची नाही म्हणून गप्प बसलो. तिला वाटलं मी रागावलो आहे. ती उठून गेली.

तारा आता दुपारी शाळेतून आली की थेट घरात येत नाही. पायरीखाली उभी राहून आईला विचारते, "आज बाबा कसे आहेत?" चारुशीला म्हणते, "बरे आहेत, ये." मग ती येते. दप्तर ठेवते, हातपाय धुते, माझ्यापासून चार हातांवर बसून पोहे खाते. मी तिला शाळेचं विचारतो, ती सांगते. पूर्वी ती माझी नक्कल करायची. आता तिच्या अंगात कोणाची नक्कल उरलेली नाही.

पहिल्यांदा तो प्रश्न कानावर आला तेव्हा ताट फेकावंसं वाटलं. आता सवय झाली आहे. माझ्या घरात शिरण्याआधी माझी मुलगी माझी चौकशी करते, आणि तिचं बरोबर आहे.

२६ सप्टेंबर

आज फार चांगला दिवस गेला. सकाळी आभाळ निवळ होतं. डोकं हलकं, इतकं हलकं की शब्द आपोआप येत होते. पार्बताबाईला दोन गोष्टी सांगितल्या, ती हसली नाही, पण गोष्टी चांगल्या होत्या. कितीतरी दिवसांनी वर्तुळाचा तो सिद्धान्त जमिनीवर कोळशानं मांडला, शेवटपर्यंत. चारुशीला आल्यावर तिला हात धरून दाखवला. ती बराच वेळ आकृतीकडे पाहत राहिली, आणि मग माझ्याकडे.

मनात म्हटलं, तारा आली की तिला दाखवायचा. ओट्यावर नको, इथं खाली बसून. चुकली तरी हरकत नाही. ती यायच्या वेळेला मागच्या खोलीत कोळसा हातात घेऊन बसलो होतो.

पायरीखालून आवाज आला, "आई, आज बाबा कसे आहेत?"

चारुशीलेनं आधी माझ्या खोलीत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "आज नको बाळ. रमाकडे जाऊन बस. मी हाक मारीन."

मला वाटलं चुकीचं ऐकलं. आज? आजच्यासारखं बरं तर मला वर्षभरात वाटलं नव्हतं. तोंडाशी आलं होतं, मी ठणठणीत आहे, ये गं. डाव्या हाताची बोटं कोळशावर इतकी घट्ट मिटली होती की कोळशाचा चुरा झाला होता. तो केव्हा झाला ते मला माहीत नाही. तुम्हाला नाही कळणार, असं खुशालराव म्हणाले होते.

बाहेर ताराची पावलं वळली. ऊन तापलेलं होतं, पोरगी शाळेतून उपाशी आली होती.

"चारुशीला," मी म्हणालो, "तिला परत बोलाव. मी इथंच आहे. दार ओढ आणि बाहेरून कडी लाव."

ती दारात आली. तिच्या हाताला पीठ होतं. तिनं माझ्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. मग तिनं दार ओढलं आणि कडी लावली.

थोड्या वेळानं तारा आत आली. दप्तर ठेवल्याचा आवाज झाला, मोरीत पाणी वाजलं. रमाचा दात वर्गातच पडला आणि तिनं तो वहीच्या कागदात गुंडाळून आणला, असं काहीतरी ती आईला सांगत होती. सांगता सांगता हसली. मी दाराला पाठ लावून खाली बसलो आणि ऐकत राहिलो.